चिकित्सालय व औषधनिर्माणशाळेचे स्थलांतर : वीज, पाणी व इंधन यांचे नियोजन

चिकित्सालयाची अथवा औषधनिर्माणशाळेची जागा बदलावयाची ठरली की कपाटे, भांडी व औषधसाठा यांची यादी आपण तत्परतेने करतो. वीज, पाणी, इंधन व दूरध्वनी यांचा विचार मात्र सामान हलविण्याच्या दिवसापर्यंत मागे पडतो. परिणामी रुग्णाचे पंचकर्म मध्येच खंडित होते, अथवा सिद्ध होत आलेला स्नेहपाक वाया जातो. म्हणून शोधनाप्रमाणेच स्थलांतराचेही पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग करावेत. मुख्य सूत्र एकच : नव्या जागेतील सेवा चालू होऊन तपासल्याखेरीज जुन्या जागेतील सेवा बंद करू नये.

पूर्वकर्म

जागेचा करार करण्यापूर्वी पाण्याची गरज मोजावी. शार्ङ्गधरोक्त क्वाथविधीत एक भाग द्रव्यास सोळा भाग जल घालून अष्टमांश शेष ठेवतात. म्हणजे 10 किलो भरडीस सुमारे 160 लिटर पाणी लागते व त्यातील 140 लिटर वाफ होऊन जाते. पाण्याची टाकी, इंधनाचा साठा व वाफ बाहेर जाण्याची सोय या हिशेबानेच ठरवावी. धुण्याचे पाणी निराळे धरावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधील अनुसूची 'टी' नुसार निर्मितीचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे लागते. त्यामुळे कूपनलिकेचे पाणी आधीच तपासून घ्यावे.

विजेसाठी चूर्णयंत्र, शुष्कयंत्र, बाष्पयंत्र इत्यादींच्या भाराची बेरीज करून तेवढा भार मंजूर करून घ्यावा. जोडणी ज्या वापरासाठी मंजूर आहे त्याहून भिन्न वापर आढळल्यास वीज कायदा, 2003 च्या कलम 126 नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. निवासी जोडणीवर कल्क वाटण्याचे यंत्र चालविणे म्हणूनच महागात पडते. मागील ग्राहकाची थकबाकी नव्या जोडणीपूर्वी भरावयास लावणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये वैध ठरविले आहेत. यास्तव जागामालकाकडून थकबाकी नसल्याचा दाखला करारापूर्वीच मागावा.

निर्मितीचा परवाना विशिष्ट जागेसाठीच असतो. नव्या जागेचा परवाना हाती येईपर्यंत तेथे उत्पादन करता येत नाही आणि तपासणीच्या वेळी वीज व पाणी उपलब्ध असणे इष्ट. दोन्ही जागांचे भाडे व देयके काही काळ एकदम भरावी लागणार, हे अंदाजपत्रकात आधीच धरावे.

प्रधानकर्म

स्थलांतराचा दिवस चालू पाकांवरून ठरवावा. आसव-अरिष्टांचे संधान चालू असता पात्रे हलवू नयेत; ती गाळून झाल्यावरच न्यावीत. स्नेहपाक एकाच जागी पूर्ण करावा. पंचकर्म चालू असलेल्या रुग्णांचा क्रम संपण्याची तिथी पाहावी व नवीन रुग्ण त्यानंतर घ्यावेत. घरगुती गॅसचे 14.2 किलोचे सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही; 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची नोंदणी नव्या पत्त्यावर आधीच करावी. स्थिर दूरध्वनीचा क्रमांक बदलण्याचा संभव असल्याने रुग्णांस भ्रमणध्वनी क्रमांक देऊन ठेवावा.

पश्चात्कर्म

जुनी जागा सोडताना मीटरवरील आकड्याचे छायाचित्र घ्यावे व जोडणी कायमस्वरूपी बंद करण्याचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आपल्या नावे चालू राहिलेल्या जोडणीचे देयक आपल्याच नावे निघत राहते. अंतिम देयक भरल्यावर सुरक्षा ठेव परत मागावी. कलम 47 नुसार तिच्यावर व्याजही देय असते.

सुया व रक्तमोक्षणातील दूषित साहित्य उचलणाऱ्या केंद्रास व प्रदूषण नियंत्रण मंडळास नवा पत्ता कळवावा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत.

या सर्वांत खर्च थोडा वाढतो, हे खरे. तथापि एक वाया गेलेला तैलपाक अथवा अर्धवट सुटलेला रुग्ण यांच्या तुलनेत काही दिवसांचे दुहेरी देयक स्वस्तच ठरते.