बेटावरच्या जुन्या वास्तूत मुक्काम

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला श्रीलंकेतल्या ऐतिहासिक हॉटेलात राहायचं आहे. कुठे जावं? – एक वाचक, तुळजापूर

उत्तर : गॉलचा किल्ला निवडा. १९८८पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या ‘अमनगल्ला’च्या डचकालीन वास्तूत १८६५पासून हॉटेल आहे; ते महागडं आहे. बजेट कमी असेल, तर किल्ल्यातल्या जुन्या घरांमधली छोटी हॉटेलं पाहा. अशा घरांत जिने चढे असू शकतात आणि लिफ्ट नसते, म्हणून गुडघेदुखी असल्यास तळमजल्याची खोली आधीच मागून घ्या. डिसेंबर ते मार्च हवा कोरडी असते. निघण्यापूर्वी आपल्या नळदुर्गचा १६१३मधला पाणीमहाल दोघांनी आवर्जून पाहा. जुनं बांधकाम पारखायची नजर तिथेच तयार होईल.