अस्थिभंग आणि शिक्षकाची दक्षता

कन्हान हे पारशिवनी तालुक्यातील गाव नदीकाठी, नागपूर-जबलपूर महामार्गावर वसले आहे. परिसरात कोळशाच्या खाणी असल्याने अवजड वाहनांची वर्दळ मोठी. म्हणून अपघात म्हटला की लोकांना रस्ताच आठवतो. शाळेतील मुलाचे हाड मात्र बहुधा मधल्या सुटीत, चिंचेखाली किंवा ओट्याच्या कडेला मोडते. पडताना मूल हात टेकते आणि मनगटाजवळ अथवा कोपराच्या वर भंग होतो.

मुलाचे हाड ओल्या फांदीसारखे असते. ते पुष्कळदा एका बाजूने चिरते व वाकते, पण तुटून वेगळे होत नाही. त्यामुळे हात सरळ दिसला, बोटे हलली, म्हणजे हाड शाबूत आहे असे समजू नये. एका ठराविक जागी बोट लागताच मूल कळवळत असेल, सूज चढत असेल, तर अस्थिभंग गृहीत धरावा.

हात ओढून सरळ करू नये. तो आहे त्याच स्थितीत ठेवून बांबूची कामटी किंवा फूटपट्टी, मध्ये कापसाची घडी घालून, फडक्याने बांधावी. आधार वरच्या व खालच्या सांध्यापलीकडे पोचावा. गाठ दुखऱ्या जागेवर येऊ नये. मनगटातील कडे, दोरा सूज येण्यापूर्वीच काढावा. जखमेतून हाड दिसत असल्यास ते आत न ढकलता स्वच्छ कापडाने झाकावे. पुढे भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने मुलाला खाणेपिणे देऊ नये. मानेला वा पाठीला मार असेल, तर मुलाला न हलविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खरा धोका पुष्कळदा मोडण्यापेक्षा बांधण्यात असतो. कोपराजवळील भंगात सूज वाढत जाते. पट्टी घट्ट असल्यास स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो व काही तासांतच ते मरू लागतात. पुढे बोटे आकसून हात जन्माचा अधू होतो. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले, म्हणून तिला त्यांचेच नाव आहे. यासाठी बोटे सदैव उघडी ठेवावीत. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. बोटे थंड, निळसर वा बधिर झाली, किंवा ती हलकेच सरळ करताना मूल किंचाळले, तर पट्टी तत्काळ सैल करून मुलाला रुग्णालयात न्यावे. प्लॅस्टर घालून वर्गात परतलेल्या मुलाचीही बोटे पाहत जावे. मात्र प्लॅस्टर शाळेत कापू नये, लगेच दवाखाना गाठावा.

पालक हाडवैद्याकडे जाण्याचा आग्रह धरतात. त्यांची थट्टा करू नये. साधी हाडे कशीही जुळतात, म्हणून त्या विद्येला यश येते. पण घट्ट कामट्या आणि कोपराची मालीश यांनी मोठी हानी होते. मांडीच्या भंगासाठी आजही वापरात असलेली चौकट बनविणारे ब्रिटिश डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) हे हाडवैद्यांच्याच घराण्यातले होते. दुखऱ्या अवयवाला अखंड विश्रांती द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा पालकांना इतकेच सांगावे की, आधी क्ष-किरण चित्र काढून घ्या. कन्हानहून कामठी व नागपूर जवळच आहेत.

सातवीच्या मुलांकडून फूटपट्टी व रुमाल घेऊन हा बंध एकमेकांच्या हातावर बांधवून घ्यावा, आणि प्रत्येक गाठीनंतर नख दाबून पाहण्यास सांगावे.