लेखाला चिठ्ठी लावू या

प्रयोगशाळेतील बाटल्यांवर तुम्ही चिठ्ठ्या पाहिल्या असतील. चिठ्ठीमुळे बाटलीतले आम्ल बदलत नाही. पण ती कशी हाताळावी हे कळते. संकेतस्थळावरील एखाद्या लेखालाही अशी चिठ्ठी लावता येते. तिला ‘क्लास’ म्हणतात. (शाळेतल्या वर्गाशी याचा संबंध नाही!)

मजकूर एकीकडे आणि सजावटीचे नियम दुसरीकडे ठेवावेत, असे होकॉन व्हियम ली यांनी १९९४ साली सर्न या संशोधनसंस्थेत असताना सुचविले. त्यातून ‘सीएसएस’ ही नियमभाषा घडली. तिच्यात टिंब देऊन क्लासचे नाव लिहिले, की पुढचे नियम त्या नावाची चिठ्ठी असलेल्या लेखांनाच लागू होतात.

आता समजा, तुमच्या शाळेचे शंभर लेख वर्डप्रेसवर आहेत आणि त्यांतला एकच वेगळा दाखवायचा आहे. वर्डप्रेस प्रत्येक लेखाला क्रमांक देते. पान तयार होताना ‘पोस्ट क्लास’ नावाच्या टप्प्यावर लेखाच्या चिठ्ठ्यांची यादी बनते. तेथे आपले छोटे फंक्शन जोडायचे. ते यादी हाती घेते, लेखाचा क्रमांक तपासते, जुळला तर यादीत आपले नाव घालते आणि यादी परत देते. क्रमांक जुळो वा न जुळो, यादी परत दिलीच पाहिजे. नाहीतर आधीच्या चिठ्ठ्याही हरवतात.

नाव कोणते द्यावे? येथे मी स्वतः फसलो आहे. प्रयोगांच्या टिपणांपैकी धोक्याच्या टिपणांना मी ‘लाल’ असा क्लास दिला होता. हिरवट पानावर लाल अक्षरे मला उठावदार वाटली. पण एका विद्यार्थ्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नसे. लेसरची सूचना त्याच्या नजरेतून निसटली. तो किरणाच्या रेषेत डोळा नेणार, तोच सहायकांनी त्याला मागे ओढले.

त्याच दिवशी मी पिवळ्यावर काळी अक्षरे आणि जाड चौकट केली. नियम एका जागी होता, म्हणून काम दोन मिनिटांत झाले. नाव मात्र ‘लाल’च राहिले! पुढे एका सहकाऱ्याने साध्या बातमीला लाल रंग यावा म्हणून तेच नाव दिले आणि बातमी धोक्याच्या चौकटीत जाऊन बसली. आता त्या क्लासचे नाव ‘धोका’ आहे. रंग उद्या बदलला तरी ते खोटे ठरणार नाही.

करून पाहा: दोन लेखांना एकच क्लास द्या आणि नियमातील चौकटीची जाडी बदला. तिसऱ्या लेखाचे काय होते?