पाटी, लेखणी आणि जुने छायाचित्र

१४.० प्रस्तावना

एके काळी विद्यार्थी पाटी आणि पेन्सिल घेऊन शाळेत जात. पुढे वह्या आल्या, संगणक आला आणि अनेकांच्या हातातील लेखणी सुटली. संगणकावरील बहुतेक कामे आता कळफलक आणि माऊस यांच्या साहाय्याने होतात. परंतु काही कामांना आजही लेखणीच लागते. जुन्या, डागाळलेल्या छायाचित्राची दुरुस्ती हे त्यांपैकी एक काम होय. त्यासाठी संगणकाला जोडता येणारी एक पाटी आणि तिच्यासोबतची लेखणी बाजारात मिळते. या जोडीला 'पेन टॅब्लेट' असे म्हणतात.

हे साधन कसे निवडावे, ते कसे वापरावे आणि ते हाती आल्यावर कोणता संयम पाळावा, हे आपण या पाठात पाहणार आहोत. त्यासाठी आपण महाराष्ट्रापासून दूर, तमिळनाडूतील तंजावर या शहरात जाऊ.

१४.१ उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही

• पेन टॅब्लेट आणि माऊस यांतील फरक सांगू शकाल;
• आपल्या कामाला योग्य असा टॅब्लेट निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे स्पष्ट करू शकाल;
• जुन्या छायाचित्राच्या दुरुस्तीचे टप्पे क्रमाने लिहू शकाल;
• छायाचित्रातील डाग आणि खूण यांत विवेक का करावा लागतो, याविषयी आपले मत मांडू शकाल.

१४.२ तंजावर : लेखणी आणि कुंचला यांचे गाव

तंजावर हे कावेरी नदीच्या त्रिभुज प्रदेशातील प्राचीन शहर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. १८५५ मध्ये हे राज्य संपुष्टात आले; परंतु तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे परत फिरली नाहीत. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी कुटुंबे आजही तेथे आढळतात.

दुसरे सरफोजीराजे यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. ते विद्याव्यासंगी होते. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी फार मोठा केला. तोच आज 'सरस्वती महाल ग्रंथालय' म्हणून ओळखला जातो. तेथे संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते आहेत. मोडी लिपीतील दप्तरही आहे. मोडी बोरूने लिहिली जाई. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. हाताचा कोन बदलला की रेघ जाड होते किंवा बारीक होते. अक्षराचे रूप अशा प्रकारे हाताच्या हालचालीतून घडते.

सरफोजीराजांना वैद्यकाचीही आवड होती. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या त्यांच्या काळातील नोंदी या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्यांच्यासोबत रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. या चित्रांचे मोल कशात आहे, याचा विचार करा. चित्रकाराने डोळा सुंदर दिसावा म्हणून त्यावरील विकार झाकला असता, तर ते चित्र वैद्याच्या काय उपयोगाचे? जे आहे ते तसेच दाखवणे, हाच त्या कुंचल्याचा धर्म होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पाठगत प्रश्न १४.१

१. सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररोगविषयक चित्रांचे मोल कशात आहे?
२. बोरूने लिहिताना रेघ जाड किंवा बारीक कशामुळे होते?

१४.३ टॅब्लेट कसा काम करतो?

संगणक येण्यापूर्वीही छायाचित्रांची दुरुस्ती होत असे. काचेच्या निगेटिव्हवरील दोष कारागीर टोकदार पेन्सिलीने झाकत आणि छापलेल्या चित्रावरील पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरत. त्या कारागिरांचे सारे कौशल्य हाताच्या दाबात होते. माऊसला हा दाब कळत नाही. त्याचे बटण एक तर दाबलेले असते किंवा सोडलेले असते.

पेन टॅब्लेटला मात्र दाब कळतो. पाटीच्या पृष्ठभागाखाली तारांचे बारीक जाळे असते. त्यातून क्षीण विद्युतचुंबकीय क्षेत्र निर्माण होते. पेनाच्या आत एक लहान वेटोळे असते. ते या क्षेत्रातूनच ऊर्जा घेते आणि आपली जागा व दाब यांची माहिती परत पाठवते. म्हणूनच अनेक टॅब्लेटांच्या पेनांना बॅटरी लागत नाही. पेन पाटीला टेकण्यापूर्वी, सुमारे एक सेंटिमीटर उंचीवर असतानाही पडद्यावरील बाण हलू लागतो, त्याचेही कारण हेच.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी पडद्यावरील बाण जागचा हलत नाही. टॅब्लेटवर मात्र पाटीचा प्रत्येक बिंदू पडद्याच्या ठरावीक बिंदूशी जोडलेला असतो. पाटीच्या डाव्या कोपऱ्यात पेन टेकवले की बाण पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जातो. सुरुवातीला हे अवघड वाटते. नंतर हात आपोआप योग्य जागी जाऊ लागतो.

१४.४ टॅब्लेटची निवड

टॅब्लेटचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात पाटी साधी असते. हात पाटीवर चालतो आणि नजर संगणकाच्या पडद्यावर असते. दुसऱ्या प्रकारात पाटीवरच पडदा असतो आणि चित्रावर थेट काम करता येते. दुसरा प्रकार बराच महाग असतो. छायाचित्रांच्या दुरुस्तीसाठी, विशेषतः नव्याने शिकणाऱ्यासाठी, पहिला प्रकार पुरेसा आहे. तो काही हजार रुपयांत मिळू शकतो. निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) आकार : येथे पाटीच्या बाहेरील मापापेक्षा ज्या भागावर पेन चालते त्याचे माप महत्त्वाचे असते. सुमारे ६ इंच रुंद व ४ इंच उंच भाग असलेली पाटी लहान मेजावर मावते आणि मनगटाच्या हालचालीने वापरता येते. सुमारे १० इंच रुंद व ६ इंच उंच पाटीवर कोपरापासून हात फिरवता येतो. छायाचित्रातील बारीक कामाला लहान किंवा मध्यम आकार योग्य ठरतो. फार मोठी पाटी हात थकवते.

(आ) दाबाच्या पातळ्या : विक्रेते ४०९६, ८१९२, १६३८४ असे आकडे अभिमानाने सांगतात. अधिक आकडा म्हणजे अधिक चांगले काम, असे मात्र नाही. यांतील फरक हाताला क्वचितच जाणवतो. केवळ या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. अगदी हलक्या स्पर्शाला पेन प्रतिसाद देते की नाही, हे दुकानात स्वतः पाहावे. चांगल्या पेनाची खरी कसोटी तीच आहे.

(इ) संगणकाशी मेळ : टॅब्लेट चालण्यासाठी 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली संगणकात बसवावी लागते. आपल्या संगणकाच्या प्रणालीसाठी ती उपलब्ध आहे ना, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. जुना टॅब्लेट स्वस्तात मिळत असेल, तर ही चौकशी अधिकच आवश्यक आहे.

(ई) निब : पेनाचे टोक वापराने झिजते. बदलण्यासाठी जादा निब सोबत आहेत का आणि पुढेही मिळतील का, हे पाहावे.

(उ) डावखुऱ्यांची सोय : पाटीच्या कडेला बटणे असतात. पाटी उलटी फिरवून डाव्या हाताने वापरता येते की नाही, याची खात्री डावखुऱ्या व्यक्तीने करून घ्यावी.

छायाचित्र दुरुस्तीच्या आज्ञावलीसाठी खर्च केलाच पाहिजे असे नाही. 'गिंप' ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि ती पेनाचा दाब ओळखते.

पाठगत प्रश्न १४.२

१. माऊस आणि टॅब्लेट यांतील दोन फरक सांगा.
२. योग्य की अयोग्य ते लिहा : 'दाबाच्या पातळ्या जितक्या जास्त, तितके काम चांगले.'

१४.५ हात बसवणे

नवा टॅब्लेट आणला की लगेच मौल्यवान छायाचित्र हाती घेऊ नये. प्रथम ड्रायव्हरमध्ये जाऊन पाटीचे आणि पडद्याचे प्रमाण जुळवावे. ते जुळले नाही, तर पाटीवर काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबगोल दिसते. त्यानंतर दाबाची संवेदना आपल्या हाताप्रमाणे कमीअधिक करावी. ज्याचा हात जड आहे त्याने ती थोडी कमी करावी.

मग पाटी-पेन्सिलीच्या दिवसांप्रमाणे गिरवायला बसावे. एक रेघ बारीक सुरू करून जाड करावी आणि पुन्हा बारीक करून थांबवावी. आपले नाव लिहावे. नजर हाताकडे नव्हे, तर पडद्याकडे ठेवावी. पहिले काही दिवस अक्षर वेडेवाकडे येते, त्याने निराश होऊ नये. या दिवसांत माऊस बाजूला ठेवून साधी कामेही पेनानेच केली, तर सवय लवकर लागते. दमट हवेत घामामुळे हात पाटीला चिकटतो. तेव्हा हाताखाली स्वच्छ सुती कापड घ्यावे.

१४.६ एक उदाहरण : पणजीचे छायाचित्र

आता एका प्रसंगाची कल्पना करू. तंजावरच्या राजवाड्याजवळील एका मराठी घरात भिंतीवर पणजीचे छायाचित्र टांगलेले आहे. तिचे दुसरे छायाचित्र घरात नाही. अनेक पावसाळ्यांच्या ओलीने ते चौकटीच्या काचेला चिकटले आहे, गालावर तपकिरी डाग पसरला आहे आणि वरच्या बाजूस भेगा पडल्या आहेत. घरातील नातीचे शिक्षण मध्येच थांबले. ती आता छायाचित्रांच्या एका दुकानात काम करते आणि खासगीरीत्या परीक्षेची तयारीही करते. आजीच्या वाढदिवसापूर्वी हे छायाचित्र नीट करून द्यावे, असे ती ठरवते.

काचेला चिकटलेला कागद ओढला तर फाटतो, हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती काचेसकटच त्याचे छायाचित्र घेते. काचेत प्रतिबिंब पडू नये यासाठी ती कॅमेऱ्यामागे काळे कापड धरते. छायाचित्र सुटे असते, तर तिने ते स्कॅन केले असते. लहान आकाराच्या छायाचित्रासाठी दर इंचास ६०० बिंदू हे प्रमाण चांगले असते. मिळालेली मूळ प्रत ती वेगळी जपून ठेवते आणि तिची नक्कल करून कामाला बसते.

दुरुस्ती ती थेट चित्रावर करत नाही. मूळ चित्र तळाशी ठेवून त्यावर ती पारदर्शक लेयर, म्हणजे स्तर, रचते : एक भेगांसाठी, एक डागासाठी आणि एक चेहऱ्यासाठी. भेगा भरताना ती पेनाचा दाब कुंचल्याच्या जाडीशी जोडते. हलका हात केसाएवढी रेघ देतो, जड हात रुंद रेघ देतो. गालावरचा डाग उजळताना ती दाब रंगाच्या गडदपणाशी जोडते. शेजारच्या स्वच्छ त्वचेचा नमुना घेऊन ती अगदी हलक्या हाताने, थरावर थर देत, डाग फिका करत जाते. माऊसने हेच काम केले तेव्हा गालावर एकसारखी ठिगळे दिसली होती. पेनाने ती दिसत नाहीत.

काम सुरेख होते. नात ते छापून आजीपुढे ठेवते. आजी चष्मा लावून बराच वेळ पाहते आणि हळूच म्हणते, "चित्र छान झालं गं. पण ही माझी आई नव्हे."

नातीला प्रथम काही कळत नाही. मग आजी आपल्या हनुवटीवर बोट ठेवते. पणजीच्या हनुवटीवर गोंदणाचा एक हिरवट ठिपका होता. जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात तो लहानशा काळ्या डागासारखा दिसत होता. नातीने इतर डागांबरोबर तोही पुसून टाकला होता. डोळ्यांखालच्या सुरकुत्याही तिने सौंदर्यासाठी काढल्या होत्या. पणजीचा चेहरा नितळ झाला, पण तो तिचा राहिला नाही.

नात पुन्हा संगणकाजवळ जाते. चेहऱ्याचा स्तर ती झाकते. खालचे मूळ चित्र जसेच्या तसे असल्यामुळे गोंदण आणि सुरकुत्या परत येतात. डाग तेवढा फिका ठेवून ती चित्र पुन्हा छापते. या वेळी आजी काही बोलत नाही. ती ते छायाचित्र छातीशी धरते.

१४.७ डाग की खूण?

या प्रसंगातील नातीचे कौशल्य कमी नव्हते. कमी पडली ती विचारपूस. ओल, बुरशी, चरे आणि भेगा हे काळाने छायाचित्रावर केलेले आघात आहेत. ते दूर करणे योग्य आहे. परंतु गोंदण, व्रण, सुरकुती या त्या माणसाच्या आयुष्याच्या खुणा आहेत. त्या पुसण्याचा अधिकार कारागिराला आपणहून मिळत नाही. जेथे शंका असेल, तेथे त्या माणसाला ओळखणाऱ्यांना विचारावे. जेथे सांगणारे कोणी उरले नसेल, तेथे डाग तसाच ठेवावा. कल्पनेने भरलेल्या नाकडोळ्यांपेक्षा प्रामाणिक डाग बरा.

जुन्या कागदपत्रांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. अशा एखाद्या लेखाच्या छायाचित्रातील 'वंश' या शब्दावरचा बिंदू कोणी डाग समजून पुसला, तर 'वश' उरेल आणि अर्थच बदलेल. म्हणून अभ्यासासाठीच्या प्रतीत अक्षरांना पेन लावू नये. फार तर प्रकाश आणि छटा यांचा समतोल साधावा आणि मूळ प्रत सोबत ठेवावी. नेत्ररोग्यांचे डोळे आहेत तसे रंगवणाऱ्या त्या जुन्या चित्रकाराचा धर्म तोच आजच्या पेनधारकाचाही धर्म आहे.

तुम्ही काय शिकलात?

• पेन टॅब्लेटला हाताचा दाब कळतो; त्यामुळे छायाचित्रातील नाजूक काम शक्य होते.
• टॅब्लेटची निवड मोठ्या आकड्यांवरून नव्हे, तर आपले काम, मेज, संगणक आणि हात पाहून करावी.
• मूळ प्रत जपावी आणि दुरुस्ती वेगवेगळ्या स्तरांवर करावी, म्हणजे चूक सुधारता येते.
• डाग काढावा, खूण राखावी. शंका आल्यास विचारावे.

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाला काम सांगणारा सूचनांचा संच
दप्तर – जपून ठेवलेली कागदपत्रे
बोरू – वेताची किंवा बोरूच्या काडीची लेखणी
गोंदण – त्वचेवर सुईने टोचून काढलेली कायमची खूण
विवेक – योग्य-अयोग्य ओळखण्याची बुद्धी

पाठान्त स्वाध्याय

१. टॅब्लेट विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारायचे पाच प्रश्न तयार करा.
२. 'ही माझी आई नव्हे' असे आजी का म्हणाली? तुमच्या शब्दांत लिहा.
३. नातीने वेगवेगळे स्तर केले नसते, तर काय झाले असते?
४. तुमच्या घरातील सर्वांत जुने छायाचित्र पाहा. त्यातील डाग कोणते आणि खुणा कोणत्या, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ : १. त्यांत डोळ्याचा विकार आहे तसा दाखवलेला असतो, यात. २. टोक तिरके कापलेले असल्याने हाताचा कोन बदलल्यामुळे.

१४.२ : १. टॅब्लेटला दाब कळतो, माऊसला कळत नाही. टॅब्लेटवर पाटीचा प्रत्येक बिंदू पडद्याच्या ठरावीक बिंदूशी जोडलेला असतो, माऊसचे तसे नसते. २. अयोग्य.