मागच्या ॲक्सलला रंग कोणता लावावा?



ऊस विकास विभागाच्या पानावर गाडीच्या रंगाचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात आता जीप किंवा छोटी मोटार उभी आहे. तिच्यातून खताची पोती येतात, पाटाच्या पाण्यातून ती जाते, आणि धुताना आपण फक्त वरचा पत्रा धुतो. खालचा मागचा ॲक्सल कोणी वाकून पाहत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात मी कल्याणला तो पाहिला. त्यातून जे शिकलो ते इथे देत आहे.

कल्याण हे उल्हास नदीच्या खाडीकाठचे गाव. भरतीचे पाणी दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी येते. १६५७ साली कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला तो याच खाडीत. हवा दमट, आणि जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाणीच पाणी. २६ जुलै २००५ च्या पुरात तर तिथल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या.

तिथे माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. भाच्याची गाडी जुनी. त्याने दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये खालून काळा डांबरी रंग मारून घेतला होता. वरून सगळे चकचकीत. मी पेचकसाचे टोक लावले तर तळहाताएवढा पोपडा सुटला आणि खाली ओला गंज निघाला.

भाचा म्हणाला, "मामा, रंग मारून दोनच वर्षं झालीत की!"

मी म्हणालो, "अरे, तो रंग गंजावर मारलाय, लोखंडावर नाही."

याच गाडीतून तो आईला आणि लेकरांना घेऊन माळशेज घाटाने गावी येतो. मागच्या सगळ्या वजनाचा भार या ॲक्सलवर असतो. म्हणून आधी मेस्त्रीला बोलावले. त्याने हातोडीने ठोकून, गंज खरवडून पाहिला. सुदैवाने गंज वरवरचा होता. हे पहिले ध्यानात ठेवा: स्प्रिंगच्या बैठकीपाशी किंवा जोडापाशी भोक, चीर किंवा खोल खड्डे असतील तर कोणताही रंग उपयोगाचा नाही. तो भाग जाणकाराला दाखवून बदलावा.

गंज का लागतो?

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले की तो झपाट्याने वाढतो. कल्याणला खाडी आहे, आपल्याकडे कुठली, असे म्हणू नका. आपण वापरतो ते म्युरेट ऑफ पोटॅश हेसुद्धा क्लोराइडच, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत चिखलात मिसळून ॲक्सलच्या कोपऱ्यात बसते. ते तिथे ओल धरून ठेवते आणि लोखंड खात राहते.

कोणता रंग?

१. काळा डांबरी रंग (चेसिस ब्लॅक): स्वस्त आणि लवकर वाळणारा, पण मऊ. डिझेल-ऑइलने विरघळतो, खडीने खरवडतो. दरवर्षी लावायची तयारी असेल तरच घ्यावा.

२. रबरी लेप: खालच्या पत्र्याला ठीक. ॲक्सलवर मात्र त्याला भेग पडली की पाणी आत अडकते आणि गंज बाहेरून दिसत नाही.

३. पावडर कोटिंग: भट्टीत भाजून बसवतात, टणक असते. पण ॲक्सल पूर्ण सोडवून, सील आणि बेअरिंग काढूनच द्यावा लागतो. टवका उडाला तर घरच्या घरी तीच दुरुस्ती करता येत नाही.

४. दोन डब्यांचा इपॉक्सी: एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. टणक, पाण्याला आणि ऑइलला दाद न देणारा. उन्हात त्याची चमक जाऊन भुकटी सुटते, पण ॲक्सल कायम सावलीत असतो. आम्ही हाच निवडला. खाली झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर आणि वर इपॉक्सीचे दोन हात.

जस्ताची भुकटी भरलेला प्रायमर चांगला, पण त्याला वाळूच्या माऱ्याने पांढरे केलेले लोखंड लागते. ब्रशने घासलेल्या लोखंडावर तो वाया जातो. शिशाचा जुना शेंदरी प्रायमर विषारी आहे, तो वापरू नये.

लावण्याआधीची तयारी

कीड लागलेले बेणे लावून वर कितीही खत ओतले तरी ऊस येत नाही. इथेही तसेच आहे. निम्म्याहून जास्त मेहनत रंगाआधीची आहे.

१. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नये. पक्के स्टँड लावावेत, पुढच्या चाकांना उटी द्यावी.

२. चिखल साबणाच्या पाण्याने काढून साध्या पाण्याने भरपूर धुवावे. मीठ आणि खत पाण्यानेच निघते, नुसत्या घासण्याने नाही.

३. ऑइलचा थर थिनरने पुसावा. एका फडक्याने लावावा, दुसऱ्या कोरड्याने टिपावा. डिझेलने पुसू नये, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

४. पोपडे खरवडून, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासावे. जो जुना रंग घट्ट आहे त्याची फक्त कड उतरती करावी. मग धूळ पुसावी.

५. ब्रेकचे पाइप, रबरी बुश, सेन्सरच्या वायरी आणि ब्रेक ड्रम झाकावेत. जीपच्या ॲक्सलवर हवा जाण्याची बारीक नळी असते, ती रंगाने बुजवू नये. बुजली तर आत दाब वाढून सीलमधून ऑइल गळू लागते.

६. रंग व हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावे. अंदाजाने ओतू नये. कालवलेला माल ठरावीक वेळेतच वापरावा. आधी कोपरे आणि वेल्डिंगचे जोड छोट्या ब्रशने भरावेत, नंतर सगळीकडे हात द्यावा.

७. हातमोजे आणि चष्मा घालावा, काम मोकळ्या हवेत करावे. जवळ विडी-काडी नको.

वाफसा महत्त्वाचा

रानाला वाफसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही. रंगालाही वाफसा लागतो. हवेत ८५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असेल किंवा लोखंडावर दव असेल तर थांबावे. कल्याणला हे काम मेअखेर उरकावे लागते. आपल्याकडे गळीत हंगाम संपल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे दिवस उत्तम.

दिवाळीला भाचा गाडी घेऊन आला तेव्हा आम्ही दोघे पुन्हा खाली वाकलो. एका जागी खडी लागून ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. पण गंज रंगाखाली पसरला नव्हता. तेवढीच जागा घासून, पुसून पुन्हा हात दिला. पाच मिनिटांचे काम.

ट्रॉलीच्या ॲक्सललाही हीच रीत लागू पडते. हंगाम संपला की ट्रॉली झाडाखाली तशीच सोडू नका. चिपाड आणि रसाचा चिकटा धुऊन काढा, एकदा वाकून बघा, आणि गंज दिसला तर आधी घासा, मगच रंगाचा डबा उघडा.

— ऊस विकास अधिकारी