शेतकऱ्याचा मोबाईल, शेतकऱ्याचा प्रेक्षक
(जुन्नर-आंबेगावच्या उत्पादकांसाठी मार्गदर्शन)



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आज असे गाव नाही जेथे बांधावर उभे राहून मोबाईलवर चित्रीकरण करणारा एखादा तरुण शेतकरी दिसणार नाही. टोमॅटोची लागवड, द्राक्षाची छाटणी, कांद्याची काढणी यांचे व्हिडिओ यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर रोज पडतात. परंतु अनुभव असा की, पहिले चार-सहा व्हिडिओ उत्साहाने टाकले जातात, पाहणारे शंभर-दीडशेच्या पुढे जात नाहीत आणि काम बंद पडते. काही जण उलट मार्ग धरतात. सनसनाटी मथळे देऊन एका दिवसात लाखभर लोक जमवतात. मात्र त्यांतला एकही दुसऱ्यांदा विश्वासाने येत नाही. प्रेक्षकवर्ग हेही एक पीक आहे. त्यालाही जमीन, हंगाम आणि निगा लागते. या कामाची पद्धत प्रस्तुत लेखात दिली आहे.

जुना धडा, नवे साधन

शेतीची माहिती दूरवर पोहोचविण्याचा मोठा प्रयोग आपल्याच भागात झाला होता. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत मराठीतून ग्रामीण श्रोतृमंडळांचा कार्यक्रम राबविला. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, एकूण 20 कार्यक्रम झाले. गावकरी रेडिओभोवती एकत्र बसून ऐकत, नंतर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या मंडळांचे सूत्र होते.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. प्रश्न विचारणारा आणि ऐकलेले करून पाहणारा, तो खरा श्रोता. मोबाईलवरील प्रेक्षकालाही हीच कसोटी लावावी. दहा हजारांनी नुसते पाहण्यापेक्षा दोनशे जणांनी प्रश्न विचारणे अधिक मोलाचे आहे.

1. विषयाची निवड

‘शेतीविषयी सर्व काही’ असा चॅनेल काढू नये. एक पीक आणि एक परिसर निवडावा. आपल्या तालुक्यांत तर याची विशेष गरज आहे. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट-माळशेजकडे धो धो पाऊस, तर पूर्वेस बेल्हे, आणे पठाराकडे पर्जन्यछाया. आंबेगावातही आहुपे-भीमाशंकरचा भाग वेगळा, मंचरचा बागायती पट्टा वेगळा आणि लोणी-धामणीचा कोरडवाहू भाग वेगळा. सातगाव पठारावरील खरीप बटाट्याचा सल्ला नारायणगावच्या टोमॅटोला लागू पडत नाही.

म्हणून ‘सातगाव पठारावरील बटाटा’ किंवा ‘ओतूर परिसरातील कांदा’ असा नेमका विषय घ्यावा. पाहणाऱ्याला ‘हा माझ्यासारख्याच रानात उभा आहे’ असे वाटले की तो पुन्हा येतो.

2. हंगामाचे वेळापत्रक

प्रेक्षक पिकाच्या अवस्थेनुसार शोध घेतो. त्याला गरज पडण्याच्या 8 ते 10 दिवस आधी व्हिडिओ तयार असावा. द्राक्षात एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी, रब्बी कांद्यात पुनर्लागण, काढणी व चाळीतील साठवण, टोमॅटोत रोपांची निवड, बांधणी व तोडणी असे टप्पे कागदावर आधीच मांडावेत. आठवड्यातून एकच व्हिडिओ टाकावा. पण वार आणि वेळ चुकवू नये. तोडणीच्या धांदलीत वेळ मिळत नाही, तेव्हा दोन-तीन व्हिडिओ आधी तयार ठेवावेत.

3. चित्रीकरण

महागड्या कॅमेऱ्याची आवश्यकता नाही. पुढील गोष्टी पाळाव्यात.

अ) सकाळच्या कोवळ्या उन्हात चित्रीकरण करावे. दुपारी पाने पांढरट दिसतात व रोगाची लक्षणे ओळखू येत नाहीत.

आ) चित्र थोडे हलले तरी चालते, आवाज ऐकू आला नाही तर पाहणारा थांबत नाही. कॉलरला लावण्याचा साधा माईक वापरावा. वाऱ्याकडे पाठ करून बोलावे.

इ) पहिल्या दहा सेकंदांत गाव, पीक, वाण, लागवडीपासूनचे दिवस आणि तारीख सांगावी. लांबलचक नमस्कार-चमत्कार टाळावेत.

ई) रोग-किडीचे चित्र जवळून घ्यावे. टोमॅटोवरील टूटा ही नागअळी 2014 मध्ये प्रथम महाराष्ट्रात आढळली. तिने पानात केलेली पोकळी आणि फळाला पाडलेली बारीक छिद्रे स्पष्ट दिसली तरच पाहणाऱ्याला आपल्या शेतात ती ओळखता येते.

उ) आपल्या बोलीत बोलावे. पुस्तकी भाषेचा आव आणू नये.

4. नुकसानही दाखवावे

भरघोस पिकाचे व्हिडिओ सर्वच टाकतात. फसलेली लागवड, गारपिटीने झोडपलेली बाग, चाळीत सडलेला कांदा दाखविण्यास मन धजत नाही. परंतु विश्वास तेथेच बसतो. काय चुकले, खर्च किती झाला, पुढच्या वेळी काय करणार, हे हिशेबासह सांगावे.

बाजारभावाबाबतही हेच. जुलै 2023 मध्ये नारायणगाव बाजारात टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. त्या आकड्याच्या बातम्या देशभर गेल्या. मात्र असा भाव रोजचा नसतो. केवळ उच्चांकी भाव दाखवून ‘टोमॅटोने कोट्यधीश केले’ असे मथळे दिल्यास नवखा शेतकरी कर्ज काढून लागवड करतो आणि आवक वाढली की तोंडघशी पडतो. भाव सांगताना बाजाराचे नाव, तारीख, प्रत आणि कमी-अधिक असे दोन्ही आकडे द्यावेत.

5. चुकीच्या माहितीची किंमत

मे 2020 मध्ये टाळेबंदी चालू असताना अकोले, संगमनेर, जुन्नर पट्ट्यात टोमॅटोवर विषाणूजन्य रोग आला. फळावर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे पडत, म्हणून लोक त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. हा विषाणू माणसालाही घातक आहे अशी अफवा बातम्यांतून व मोबाईलवरून पसरली. वास्तविक वनस्पतींवरील हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. पण ग्राहक बिचकला आणि आधीच अडचणीत सापडलेल्या उत्पादकाला त्याची झळ बसली. संदेश पुढे पाठविण्यास एक क्षण लागतो. त्याचा परिणाम मात्र तोडणीला आलेल्या शेकडो प्लॉटवर होतो. बिबट्याच्या जुन्या किंवा बनावट चित्रफितींबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

औषधांबाबत तर कडक नियम पाळावा. कीटकनाशकाची शिफारस पिकानुसार व किडीनुसार नोंदलेली असते. लेबलावर असलेले पीक, मात्रा आणि फवारणी ते काढणी यांतील प्रतीक्षा काळ कॅमेऱ्यासमोर दाखवावा. ‘मी चार औषधे एकत्र मारली, तुम्हीही मारा’ असे कदापि सांगू नये. तुमच्या एका वाक्यावर कोणीतरी उद्या पंप पाठीवर घेणार आहे, हे विसरू नये. शंका असल्यास नारायणगाव येथील कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना नमुना दाखवावा किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर विचारावे आणि मगच उत्तर द्यावे. ‘विचारून सांगतो’ असे म्हटल्याने मान कमी होत नाही.

6. प्रश्नोत्तरे

व्हिडिओ टाकल्यावर पहिल्या दोन दिवसांत आलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. वारंवार येणारे प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. पुढील व्हिडिओचा विषय त्यातूनच मिळतो. सुमारे 2015 साली ‘बळीराजा’ या व्हॉट्सअ‍ॅप गटाची वर्तमानपत्रांनी दखल घेतली होती. त्यात राज्यातील गावोगावचे शेतकरी एकमेकांना शंका विचारीत व अनुभव सांगत. असा गट काढल्यास शेतीखेरीज अन्य मजकुरास बंदी ठेवावी. शुभेच्छा आणि राजकारण शिरले की कामाचे सदस्य गट सोडतात.

7. उत्पन्न किती व कसे?

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी 1,000 सबस्क्राइबर आणि मागील 12 महिन्यांत 4,000 तासांचे प्रेक्षण, किंवा 90 दिवसांत लघुव्हिडिओंना 1 कोटी दर्शने अशी अट आहे. हिशेब करून पाहावा. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. प्रत्येक प्रेक्षकाने सरासरी 4 मिनिटे पाहिले तर वर्षात 60,000 दर्शने लागतात. आठवड्याला एक याप्रमाणे 50 व्हिडिओ केल्यास प्रत्येकी 1,200 दर्शने झाली. हे अशक्य नाही, पण पहिल्या वर्षी हातात पैसा पडेल या भरवशावर कर्ज काढून साहित्य घेऊ नये. या मार्गाने मिळणारे उत्पन्न शेती उत्पन्नात मोडत नाही, म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

खरा लाभ बहुधा अन्य वाटेने होतो. रोपवाटिकेला गिऱ्हाईक मिळते, द्राक्षाला थेट खरेदीदार मिळतो. जुन्नर हा 2018 मध्ये विशेष पर्यटन तालुका घोषित झाला आहे. शिवनेरी पाहावयास येणारा पाहुणा कृषि पर्यटनासाठी आपल्या बागेतही येऊ शकतो.

एखाद्या कंपनीने बियाणे, खत किंवा पैसे दिले असतील तर ‘ही जाहिरात आहे’ असे व्हिडिओच्या सुरुवातीस स्पष्ट सांगावे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये तशा सूचना दिल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण स्वतः न वापरलेल्या वस्तूची शिफारस करू नये.

8. एकाच टोपलीत सारे ठेवू नये

जून 2020 च्या अखेरीस टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि ग्रामीण भागातील अनेकांनी कष्टाने जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. म्हणून मूळ चित्रफिती स्वतःजवळ जपून ठेवाव्यात, किमान दोन माध्यमे वापरावीत आणि नियमित संपर्कातील शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीने वहीत नोंदवावेत.

सारांश

पीक एक, परिसर एक, वार ठरलेला. तारीख व गाव सांगावे. नुकसान लपवू नये, लेबलाबाहेरची शिफारस करू नये, जाहिरात असल्यास कबूल करावे आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे. एक हंगाम हे नेमाने करावे. हंगामाच्या शेवटी किती जणांनी पाहिले हे जरूर मोजावे. पण त्याआधी, तुमचे ऐकून किती जणांची एखादी फवारणी वाचली, किती जणांचे रोप जगले, हे विचारून घ्यावे. तो आकडा शंभराच्या आत असला तरी तुमचा प्रेक्षकवर्ग तयार झाला असे समजावे.