टाकळा व कासविंदा : ओळख आणि सावधगिरी

मृगाचा पाऊस पडला की बांधावर, पडीक जमिनीत व रस्त्याच्या कडेस टाकळा उगवतो. कोकणात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आवडीने खातात. विदर्भात त्यासच तरोटा म्हणतात. अशाच जागी त्याचा भाऊबंद कासविंदाही वाढतो. त्यास कित्येक ठिकाणी रानटाकळा असेही नाव आहे. नावातील व रूपातील या सारखेपणामुळे फसगत होण्याचा संभव असतो. कासविंद्याचे बी विषारी असल्याने ही ओळख नीट करून घेणे अगत्याचे आहे.

दोन्ही वनस्पती एकाच वंशातील असून दोहोंची फुले पिवळी व पाच पाकळ्यांची असतात. दोहोंच्या पानांस उग्र वास येतो. म्हणून फुलावर अगर वासावर न विसंबता पुढील खुणा पाहाव्यात.

१. पान : टाकळ्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात व पर्णिकेचे टोक गोलसर असते. कासविंद्यात जोड्या बहुधा चार ते सहा असून पर्णिका टोकदार असते.

२. ग्रंथी : टाकळ्यात बारीक ग्रंथी खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये असते, कासविंद्यात ती पानाच्या देठाच्या बुडाशी असते.

३. शेंग व बी : टाकळ्याची शेंग लांब, बारीक व वाकडी, बी दोन्ही टोकांस तिरपे कापल्यासारखे. कासविंद्याची शेंग चपटी, फिक्या कडांची. बी चपटे व वाटोळे.

पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळ्यानंतर लहान मुले एकाएकी आजारी पडून दगावत असत. हा मेंदूज्वर असावा, असा प्रथम समज होता. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र कासविंद्याचे बी खाणे हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे दाखविण्यात आले. या विषाने यकृत, स्नायू व मेंदू यांस इजा पोहोचते. गुरांच्या खाद्यात हे बी मिसळल्यास त्यांच्याही स्नायूंस अपाय होतो.

यास्तव शेतकरी बंधूंनी घराच्या, शाळेच्या व गोठ्याच्या आसपासचा कासविंदा शेंगा धरण्यापूर्वीच मुळासकट उपटून टाकावा. मुलांना शेंगांशी खेळू देऊ नये. मुलाने बी खाल्ल्याचा संशय आल्यास, उलटी अगर गुंगीची वाट न पाहता, शेंग बरोबर घेऊन त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन्ही झाडे शेजारी ठेवून गावकऱ्यांस हा फरक प्रत्यक्ष दाखवावा. ज्या पानाबद्दल शंका असेल, ते भाजीत घेऊ नये.